एका सामन्याचे ४३७ डॉलर आणि महिन्याचे ३५ : सायक्लोन टेलरने नोकरी का सोडली नाही?

कोयनाकाठ:
कोमागाता मारू जहाजाच्या प्रकरणाबद्दल वाचत असताना एका नावापाशी अडखळलो. २३ मे १९१४ रोजी हे जहाज व्हँकुव्हरच्या बुरार्ड खाडीत येऊन थांबले, तेव्हा त्यावर सर्वांत आधी चढलेला कॅनडाचा अधिकारी म्हणून फ्रेडरिक वेलिंग्टन टेलर याचे नाव सांगितले जाते. आडनावावरून काहीच लक्षात आले नव्हते. पुढच्या ओळीत त्याचे टोपणनाव 'सायक्लोन' असे दिले होते आणि तो त्या काळी कॅनडातील आइस हॉकीचा सर्वांत गाजलेला खेळाडू होता, असेही म्हटले होते.

मग शोधत गेलो. १९०९-१० च्या हंगामात रेनफ्रू नावाच्या लहानशा गावाच्या संघाने त्याला १२ सामन्यांसाठी ५,२५० डॉलर दिले होते. त्याच सुमारास बेसबॉलमधला टाय कॉब १५४ सामन्यांचे ६,५०० डॉलर घेत होता. म्हणजे सामन्यामागे पाहिले तर टेलर कॉबच्या दहापट कमावत होता. हाच मनुष्य चार वर्षांनी बंदरावर उतारूंचे कागद तपासायला उभा होता, हे कोडे मला सुटत नाही. खेळाचे पैसे घेणाऱ्या त्या पहिल्या पिढीचे आयुष्य नेमके कसे चालत असे? आइस हॉकीतले मला काही कळत नाही, तेव्हा जाणकारांनी सुरुवातीपासून सांगावे.

विनिपेगकर:
उत्तम विषय काढलात. मी बावीस वर्षे विनिपेगला आहे, त्यामुळे हा खेळ आपोआप अंगवळणी पडला आहे.

टेलरचा जन्म १८८४ चा, ऑन्टॅरिओमधल्या तारा गावचा. वाढला तो लिस्टोवेलमध्ये. वडील शेतीची अवजारे विकत गावोगाव हिंडत आणि घरची कमाई बेताचीच होती. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो पियानोच्या कारखान्यात कामाला लागला. हिवाळ्यात गावच्या संघातून खेळे आणि त्याच्या वेगाची कीर्ती टोरोंटोपर्यंत पोहोचली होती. ऑन्टॅरिओच्या हॉकी संघटनेचे चिटणीस विल्यम ह्युइट यांनी त्याला टोरोंटोच्या मार्लबरो संघाकडून खेळण्यास बोलावले. त्याने नकार दिला आणि संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. १९०४-०५ चा पूर्ण हंगाम हा विशीतला मुलगा घरी बसून राहिला. ही संघटना हौशी खेळाडूंची, म्हणजे पैसा घेणे तिथे पाप होते. परंतु 'हौशी' खेळाडूने कुठे खेळावे हे मात्र चिटणीस ठरवणार! ज्याला पगार नाही, त्याला राजीनामाही देता येत नाही, अशी ती विचित्र स्थिती होती.

तो आधी मॅनिटोबातील पोर्टेज ला प्रेरीला गेला आणि तेथून लवकरच अमेरिकेत, मिशिगनमधील हॉटन येथे. हॉटन हे तांब्याच्या खाणींचे गाव. तेथे 'डॉक' गिब्सन नावाच्या दंतवैद्याने उघडपणे पैसे देऊन खेळाडू आणले होते आणि १९०४ मध्ये तेथूनच पूर्णपणे व्यवसायी अशी पहिली हॉकी लीग उभी राहिली होती. उरलेल्या हंगामासाठी टेलरला ४०० डॉलर आणि खर्च मिळाला. १९०६ आणि १९०७ असे दोन्ही वर्षी हॉटनचा संघ लीगमध्ये पहिला आला, आणि १९०७ मध्ये लीगच बंद पडली. मालिका कळली ना? संघ जिंकतो आणि मग लीग बुडते. टेलरच्या पहिल्या दहा वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडते.

शुद्धलेखनिक:
एक नोंद करावीशी वाटते. आपण आज 'व्यावसायिक खेळाडू' असे कौतुकाने म्हणतो. त्या काळच्या इंग्रजी समाजातील भाव मराठीत आणायचा तर 'धंदेवाईक' हा शब्द अधिक जवळचा ठरेल, कारण त्यात जे नाक मुरडणे आहे, तेच ह्युइट प्रभृतींच्या मनात होते.

अण्णा_सातारकर:
लीग दंतवैद्याने काढली, यात आश्चर्य ते काय! त्या खेळात गिऱ्हाईक आपोआप तयार होत असणार.

टांकसाळ:
अण्णा, तुमचा विनोद बाजूला ठेवून मी हिशेब मांडतो, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर हिशेबातच आहे असे मला वाटते.

१९०७ मध्ये टेलर ओटावा संघाकडे आला. करार असा होता की, हंगामाचे ५०० डॉलर आणि शिवाय सरकारी इमिग्रेशन खात्यात महिना ३५ डॉलरची नोकरी. ही नोकरी म्हणजे खेळाडूला ओढून आणण्यासाठी लावलेले आमिष होते, खेळावर पाणी सोडून केलेली तडजोड नव्हे. राजधानीचे शहर असल्यामुळे ओटावाच्या संघाला हे शक्य होते; इतर गावांना नव्हते. १९०९ मध्ये या संघाने स्टॅनले चषक, म्हणजे कॅनडातील आइस हॉकीचा सर्वोच्च चषक, जिंकला.

आता ३५ गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ४२० डॉलर. रेनफ्रूमध्ये ५,२५० भागिले १२ म्हणजे सामन्याचे ४३७ डॉलर ५० सेंट. एका संध्याकाळी, साठ मिनिटांत, तो वर्षाच्या सरकारी पगारापेक्षा अधिक मिळवत होता. कोयनाकाठ यांना पडलेले कोडे इथूनच सुरू होते, हे मान्य आहे.

परंतु रेनफ्रूचा पैसा कुठून आला ते पाहा. एम. जे. ओब्रायन या रेल्वे-कंत्राटदाराने ऑन्टॅरिओतील कोबाल्ट गावाच्या चांदीच्या खाणींत अमाप संपत्ती मिळवली होती आणि त्याच्या मुलाला, अँब्रोजला, गावासाठी स्टॅनले चषक हवा होता. तेव्हाच्या जुन्या लीगने रेनफ्रूला दार लावून घेतले, तेव्हा डिसेंबर १९०९ मध्ये माँट्रिअलच्या विंडसर हॉटेलात एनएचए (नॅशनल हॉकी असोसिएशन) ही नवी लीगच काढली गेली. एकाच हिवाळ्यात दोन लीग एकमेकींचे खेळाडू पळवू लागल्या आणि भाव कडाडले. लेस्टर पॅट्रिकला ३,००० डॉलर, त्याचा भाऊ फ्रँकला २,००० डॉलर. लोक या संघाला 'मिलियनेअर्स' म्हणू लागले, हे काही उगाच नव्हे.

चषक मिळाला नाही. प्रतिस्पर्धी लीग बुडाली, स्पर्धा संपली, आणि १९१०-११ च्या हंगामासाठी मालकांनी ठराव केला की प्रत्येक संघाने सर्व खेळाडूंवर मिळून ५,००० डॉलरपेक्षा अधिक खर्च करू नये. सर्व खेळाडूंवर मिळून! आदल्या वर्षी एकट्या टेलरला त्याहून अधिक मिळाले होते. आर्ट रॉस या खेळाडूच्या पुढाकाराने खेळाडूंनी स्वतःची लीग काढण्याची धमकी दिली, पण बर्फाची मैदाने मालकांच्या ताब्यात होती. १९११ मध्ये रेनफ्रूचा संघच बंद झाला. म्हणून म्हणतो, ५,२५० हा आकडा पगार नव्हे, तो एका हिवाळ्याचा लिलाव होता.

निशिगंधा_व:
टांकसाळ यांच्या हिशेबात एक महत्त्वाचे खाते राहून गेले. ओटावात टेलरचे थर्झा कुक नावाच्या मुलीशी लग्न ठरण्याच्या बेतात होते आणि तिच्या आईची अट होती की जावयाच्या गाठीला आधी १०,००० डॉलर जमलेले असावेत. तो रेनफ्रूला का गेला, याचे कारण खाणमालकापेक्षा या बाईंकडे अधिक जाते. लग्न झाले मार्च १९१४ मध्ये. रेनफ्रूच्या कराराला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती, म्हणजे खेळाच्या पैशावर भावी सासूबाईंचा कितपत विश्वास होता ते समजून घ्यावे.

अण्णा_सातारकर:
बाईंचे बरोबर होते. आमच्याकडेही कबड्डीपटू मुलगा सांगून आला की पहिला प्रश्न 'पोलिसांत की बँकेत?' असाच असतो. कुठल्या संघाकडून खेळतो, हे कोणी विचारत नाही.

विनिपेगकर:
हिशेबाला एक भौतिक बाजूही आहे, तीही सांगतो. त्या काळी पूर्व कॅनडातील मैदाने बंदिस्त असली तरी बर्फ नैसर्गिक असे. आमच्या वस्तीतल्या उघड्या मैदानावर आजही स्वयंसेवक रात्री नळीने पाणी मारतात. एकदम खूप पाणी ओतले तर वर पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ राहते, म्हणून पातळ थर द्यायचा, तो दगडासारखा होऊ द्यायचा, मग पुढचा द्यायचा. मी स्वतः उणे पंचवीस अंशांत हे काम केले आहे. हातमोज्यावर पडलेले पाणी नळी खाली ठेवेपर्यंत काचेसारखे होते. आणि मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडले की सगळा राडा! स्केटचे पाते रुतते, चेंडूऐवजी वापरतात ती चकती पाण्यात अडकते. असा खेळ वर्षाला जेमतेम दहा आठवडे चालणार. उरलेल्या बेचाळीस आठवड्यांत खेळाडूने काय खायचे?

जुने_रीळ:
इतका वेळ त्या प्रसिद्ध उलट्या गोलाचा विषय निघाला नाही, याचे नवल वाटते. टेलर रेनफ्रूला गेल्यावर ओटावाचे लोक खवळले होते. ओटावाचा गोलरक्षक पर्सी लेस्यूअर याला टेलरने ऐकवले की, तुमच्या संघातून मी उलटा स्केट करत जाऊन गोल मारीन. फेब्रुवारी १९१० मध्ये रेनफ्रूचा संघ ओटावात आला, तेव्हा प्रेक्षकांनी टेलरवर लिंबे, बाटल्या आणि घोड्याची लीद यांचा वर्षाव केला. तो सामना ओटावाने ८-५ असा जिंकला आणि गोल काही झाला नाही. मार्चमध्ये रेनफ्रूच्या मैदानात मात्र रेनफ्रूने १७-२ असा धुव्वा उडवला आणि त्यात टेलरने पाठ करून येऊन गोल मारलाच. याहून देखणी परतफेड खेळाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

शंकासूर:
देखणी आहे, यात वाद नाही. ती तशीच घडली का, यात आहे. गावच्या वर्तमानपत्राच्या त्या वेळच्या वर्णनाप्रमाणे तो वेगाने आला, वळला, थोडे अंतर उलटा गेला आणि मग त्याने फटका मारला. 'थोडे अंतर उलटा गेला' आणि 'सगळ्या संघातून उलटा गेला' यांत मैदानभर फरक आहे. शिवाय १७-२ अशा सामन्यात समोरचा संघ किती जीव तोडून अडवत असेल, हाही प्रश्न आहे. 'सायक्लोन' या नावाचेही तसेच. जानेवारी १९०८ मध्ये ओटावाच्या नव्या मैदानात गव्हर्नर-जनरल अर्ल ग्रे यांच्या तोंडून ते निघाले असे सांगतात, पण त्याआधी त्याला मॅनिटोबात 'थंडरबोल्ट' आणि मिशिगनमध्ये 'व्हर्लविंड' म्हणतच होते. एखाद्या उमरावाने नाव दिले म्हटले की ते टिकते.

जुने_रीळ:
शंकासूर, आयडी सार्थ केलात. तरीही जानेवारी १९०८ च्या त्या सामन्यात त्याने चार गोल मारले होते आणि माँट्रिअलच्या वाँडरर्स संघाचा १२-२ असा फडशा पडला होता, एवढे तरी राहू द्या. आणि तेव्हा तो खेळत होता बचावफळीत!

उंबरठा_७:
बचावातला खेळाडू चार गोल कसे मारतो? आणि 'रोव्हर' हा शब्द इतरत्र वाचला, तो काय प्रकार आहे? प्रश्न बाळबोध असेल तर क्षमस्व.

विनिपेगकर:
बाळबोध मुळीच नाही. आज आइस हॉकीत गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात, त्या काळी सात असत. गोलरक्षकापुढे 'पॉइंट', त्याच्यापुढे 'कव्हर-पॉइंट', मग 'रोव्हर' आणि पुढे तीन आक्रमक. बदली खेळाडू जवळपास वापरत नसत. तेच सात जण शेवटपर्यंत. पुढे पास देण्यास मनाई होती, त्यामुळे चकती काठीवर खेळवत स्वतःच पुढे नेणे हाच मुख्य मार्ग होता. कव्हर-पॉइंटने प्रतिस्पर्ध्याकडून चकती काढून घेतली की बहुतेक जण ती उंच उडवून दूर धाडत. टेलर ती घेऊन धावत सुटे. रोव्हर म्हणजे मोकाट सोडलेला सातवा गडी. चकती जिथे तिथे तो. टेलर पुढे व्हँकुव्हरला याच जागी आणि मध्य-आक्रमक म्हणून खेळला.

व्हँकुव्हरला तो कसा पोहोचला, हेही सांगायला हवे. रेनफ्रू बुडाल्यावर लीगने त्याला माँट्रिअल वाँडरर्सच्या वाट्याला टाकले. त्याने नकार दिला आणि जवळजवळ पूर्ण हंगाम वाया घालवला. लिस्टोवेलचा तोच प्रसंग, फक्त या वेळी घरात सरकारी पगार येत होता आणि तो नाही म्हणण्याची चैन करू शकत होता! तोवर पॅट्रिक बंधूंनी वडिलांच्या लाकूडधंद्याच्या पैशातून पॅसिफिक किनाऱ्यावर नवी लीग काढली होती. तिकडे हिवाळा सौम्य, म्हणून व्हँकुव्हरला डेनमन स्ट्रीटच्या टोकाशी कृत्रिम बर्फाचे दहा हजारांवर प्रेक्षकांचे मैदान बांधले. टेलर १९१२ च्या अखेरीस तिथे गेला, आणि नोकरीही खात्यातल्या खात्यात त्याच्याबरोबर आली. या लीगने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्याची मुभा दिली, निळ्या रेषा आखल्या. टेलर तिथे पाच हंगामांत सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. १९१७-१८ मध्ये तर १८ सामन्यांत ३२ गोल.

व्हँकुव्हरची_वैदेही:
उशिरा आले, परंतु हा धागा माझ्या दारातला आहे. डेनमन स्ट्रीटचे ते मैदान १९३६ मध्ये जळाले आणि आता तिथे बाग आहे. त्या बागेपासून समुद्राच्या कडेने चालत निघाले की थोड्याच वेळात कोमागाता मारूचे स्मारक लागते. त्यावर उतारूंची नावे कोरलेली आहेत. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा एक वृद्ध शीख गृहस्थ बोटाने एकेका नावावरून हात फिरवत होते. पावसाने भिंत ओली होती, आणि ते प्रत्येक नाव आधी रुमालाने पुसत व मग वाचत. टेलरच्या दोन नोकऱ्यांच्या जागा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, हे मला या धाग्यामुळे आज कळले.

जहाजावर ३७६ उतारू होते, बहुतेक शीख, काही मुसलमान आणि थोडे हिंदू. बाबा गुरदितसिंग यांनी ते भाड्याने घेतले होते. कॅनडाचा नियम असा होता की जन्मभूमीहून थेट, मध्ये न थांबता आलेल्यालाच प्रवेश. आणि हिंदुस्थानातून थेट येणारी आगबोटच नव्हती. शिवाय आशियातून येणाऱ्या प्रत्येकाने जवळ २०० डॉलर दाखवायचे. टांकसाळ यांचा हिशेब मी पुढे नेते : रेनफ्रूच्या एका सामन्यात टेलरला मिळालेल्या पैशांत दोन हिंदी माणसांची ही अट पुरी होऊन वर ३७ डॉलर उरले असते. दोन महिने जहाज खाडीत अडकून पडले. अन्नपाण्याचे हाल झाले, पोलिसांनी बोटीतून जहाजावर चढण्याचा प्रयत्न केला तेव्हा उतारूंनी कोळशाचे तुकडे फेकून त्यांना परतवले. अखेर २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या पहाऱ्यात ३५२ जणांना परत धाडण्यात आले. सप्टेंबरअखेरीस कलकत्त्याजवळ बजबज येथे गोळीबार झाला आणि वीसच्या आसपास उतारू मारले गेले.

जहाज परत धाडल्यावर आठच महिन्यांनी, मार्च १९१५ मध्ये, त्याच शहरात टेलरच्या संघाने ओटावाला सलग तीन सामन्यांत हरवून स्टॅनले चषक जिंकला. ६-२, ८-३, १२-३.

शंकासूर:
वैदेहीताई, मनाला लागणारे लिहिले आहे. परंतु न्याय करताना पायरी पाहावी. निर्णय ओटावाच्या सरकारचा, अंमलबजावणी व्हँकुव्हरचा प्रमुख माल्कम रीड याची, हेरगिरी इमिग्रेशन खात्याच्या हॉपकिन्सनची. टेलर हाताखालचा अधिकारी होता. गाजलेला खेळाडू म्हणून आज त्याचे नाव आपल्याला ओळखीचे वाटते आणि म्हणून बोट त्याच्याकडे जाते.

व्हँकुव्हरची_वैदेही:
पायरी मान्य. रीड आणि टेलर यांना मी एका तागडीत घालत नाही. पण हाताखालचा अधिकारी पुढे कुठे पोहोचला, तेही पाहा. तो त्याच खात्यात चढत ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन आयुक्त झाला. १९४६ मध्ये त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला ते या सेवेबद्दल; हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये तो गेला १९४७ मध्ये. सरकारदरबारी खेळाडूचा क्रम दुसरा लागला.

दगडी_पाटा:
मराठी वाचकांसाठी एक दुवा. या जहाजाच्या बातम्यांनी पेटून अमेरिका-कॅनडातून गदर या क्रांतिकारक पक्षाचे जे लोक १९१४ च्या उत्तरार्धात मायदेशी परतले, त्यांत तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला त्यांना फाशी झाली. विषयांतर वाटल्यास दुर्लक्ष करावे.

टांकसाळ:
विषयांतर नाही. आता मूळ प्रश्नाकडे येतो. टेलर नोकरीला का चिकटून राहिला, हे त्याच्या सहकाऱ्यांचे काय झाले ते पाहिल्याशिवाय कळत नाही. हॉड स्टुअर्ट हा त्याच मिशिगन लीगमधला बिनीचा बचावपटू. मार्च १९०७ मध्ये माँट्रिअल वाँडरर्सकडून स्टॅनले चषक जिंकला आणि जूनमध्ये पाण्यात सूर मारताना मरण पावला. मागे पत्नी आणि दोन लहान मुली. संघाकडे त्यांच्यासाठी कसलीही तरतूद नव्हती. जानेवारी १९०८ मध्ये इतर संघांतले निवडक खेळाडू एकत्र आले, वाँडरर्सशी मदतीचा सामना खेळले आणि दोन हजार डॉलरच्या वर रक्कम उभी केली. आज जो 'ऑल-स्टार' सामना झगमगाटात होतो, त्याचा पहिला अवतार हा असा वर्गणीचा होता. पुढे १९१९ मध्ये सिअ‍ॅटलला अंतिम मालिका चालू असताना इन्फ्लुएंझाची साथ संघात शिरली, मालिका अर्ध्यावर सोडावी लागली आणि जो हॉल हा खेळाडू तेथेच वारला. सिअ‍ॅटलचा संघ ज्या पॅसिफिक लीगचा होता, तिच्यातच टेलर खेळत होता. डोळ्यांसमोर हे सारे असताना महिन्याचे ३५ डॉलर कोण सोडेल?

कोयनाकाठ:
सर्वांचे आभार. मी प्रश्न उलटा विचारला होता, हे आता ध्यानात आले. एवढा मोठा खेळाडू कारकुनी का करत होता, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती कारकुनी होती म्हणून तो मालकांना नाही म्हणू शकला. १९२१ मध्ये त्याने खेळ सोडला, नोकरी १९५० पर्यंत चालली. मात्र वैदेहीताईंनी दाखवलेली बाजू त्यातून सुटत नाही. ज्या नोकरीने त्याला मोकळे ठेवले, तिचे काम इतरांना अडवण्याचे होते.

निशिगंधा_व:
१९५२ मध्ये तो प्रांतिक निवडणुकीलाही उभा राहिला आणि पडला. वारला १९७९ मध्ये, ९४ वर्षांचा होऊन. सासूबाईंचे दहा हजार पुरले म्हणायचे.

उंबरठा_७:
वैदेहीताई, पुन्हा त्या बाजूला गेलात तर बागेत जुन्या मैदानाची काही खूण दिसते का, ते पाहाल का?

व्हँकुव्हरची_वैदेही:
रविवारी जाईन. पाऊस असेलच, रुमाल नेते.